फ्रेंच विशेषणं: आधी स्त्रीलिंगी रूप शिका

फ्रेंच शिकणाऱ्या मराठी मुलांची एक तक्रार ठरलेली असते. "क्रियापदं चालवता येतात, पण विशेषणाच्या शेवटी ई लावायचा की नाही तेच कळत नाही." शाळेत तिसरी भाषा म्हणून फ्रेंच घेतलेला फोंड्याचा मुलगा असो, हॉटेल मॅनेजमेंट करणारी म्हापशाची मुलगी असो किंवा डेल्फ या फ्रेंचच्या परीक्षेच्या पहिल्या पायरीची तयारी करणारा मडगावचा कारकून, घोडं इथेच अडतं. याचं कारण पुस्तकातला तक्ता. तो पुल्लिंगी रूपापासून सुरू होतो आणि मग स्त्रीलिंगासाठी सात-आठ उपनियम सांगतो. मी तो तक्ता उलटा शिकवते: आधी स्त्रीलिंगी रूप, पुल्लिंगी त्याच्यामागून.

सुरुवात करण्याआधी लिपीबद्दल थोडं. फ्रेंच शब्द इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. लिहिताना अक्षर बदलत असेल तिथेच स्पेलिंग फोडून सांगितलं आहे. चंद्रबिंदू किंवा अनुस्वार दिसला की स्वर नाकातून काढायचा, शेवटी न किंवा म ऐकू येता कामा नये. ऽ म्हणजे ओठ गोल करून म्हटलेला अ. झ हा झाडातला, ज मात्र टेलिव्हिजनमधला, मऊ. र घशातून.

घरून काय घेऊन आलात ते आधी पाहा

विशेषणाने नामाच्या लिंगवचनाप्रमाणे रूप बदलायचं, ही कल्पना फक्त इंग्रजी जाणणाऱ्याला नवी वाटते. आपल्याला ती नवी नाही. काळा घोडा, काळी गाय, काळं मांजर हे आपण शाळेत जाण्याआधीपासून बिनचूक म्हणतो. घरी कोंकणी असेल तर काळो, काळी, काळें. आणि गोव्यात तर हा नियम इतिहासाच्या पुस्तकातही भेटतो. १८४३ साली पणजीला शहराचा दर्जा देऊन नाव ठेवलं ते नोव्हा गोवा, कारण पोर्तुगीजमध्ये गोवा स्त्रीलिंगी, म्हणून नोव्हू नाही. पेडणे, डिचोली, सत्तरी, काणकोण या भागांना पोर्तुगीज नोव्हास कोंकिश्तास म्हणत. आपण म्हणतो नव्या काबिजादी. दोन्हीकडे विशेषण स्त्रीलिंगी आणि अनेकवचनी. फ्रेंचमध्ये हेच ले नूव्हेल कोंकेत, तिथेही स्त्रीलिंगी अनेकवचनच. तेव्हा तत्त्व समजून घेण्यात वेळ घालवू नका, ते तुमच्या अंगवळणी पडलेलं आहे.

मराठीची सवय आडवी येते ती दुसऱ्याच ठिकाणी. एक तर फ्रेंचमध्ये नपुंसकलिंग नाही. आपली सगळी नपुंसकलिंगी नामं दोन घरांत वाटली जातात, आणि ती वाटणी तर्काने कळत नाही. घर स्त्रीलिंगी (मेझों), फूल स्त्रीलिंगी (फ्लऽर), पाणी स्त्रीलिंगी (ओ). पण झाड (आर्ब्र), गाव (व्हिलाज), पुस्तक (लीव्र) आणि देऊळ (ताँप्ल) पुल्लिंगी. दुसरं म्हणजे मराठीतली सुंदर, लाल, हुशार, स्वच्छ, गरम ही विशेषणं कधीच बदलत नाहीत. सुंदर मुलगा, सुंदर मुलगी. फ्रेंचमध्ये सुंदर बदलतं आणि लाल कानाला बदलत नाही. कुठलं बदलेल हे मराठीवरून ठरवू नका. तिसरी अडचण आदरार्थी बहुवचनाची. ती मोठी आहे, तिच्याकडे नंतर येऊ.

घरात कुणाला पोर्तुगीज येत असेल तर त्यांची मदत घ्या, पण जपून. पूल पोर्तुगीजमध्ये स्त्रीलिंगी, फ्रेंचमध्ये पुल्लिंगी. झाड आणि प्रवास यांचंही तसंच. समुद्राचं उलट: पोर्तुगीजमध्ये तो पुल्लिंगी, फ्रेंचमध्ये ला मेर, स्त्रीलिंगी. विशेषणांतही फरक आहे. पोर्तुगीज ग्रांद आणि व्हेर्द दोन्ही लिंगांत सारखेच राहतात, फ्रेंचमधले मोठा आणि हिरवा बदलतात.

पहिली पायरी: नाम एकटं लिहू नका

वहीत "आर्ब्र: झाड" अशी नोंद केलीत तर ती वाया गेली. ऍं आर्ब्र, यून मेझों असंच लिहा. ऍं म्हणजे पुल्लिंगी एक, यून म्हणजे स्त्रीलिंगी एक. ल (पुल्लिंगी) आणि ला (स्त्रीलिंगी), म्हणजे इंग्रजीतल्या 'द'सारखे शब्द, त्यांच्यापेक्षा हे दोन बरे, कारण स्वराने सुरू होणाऱ्या शब्दापुढे ल आणि ला दोन्ही आखडून फक्त ल् उरतो आणि लिंग कळत नाही. ऍं आणि यून लपत नाहीत.

शब्दाच्या शेवटावरून थोडा अंदाज येतो. सियों (टी-आय-ओ-एन) आणि एत (ई-टी-टी-ई) हे शेवट जवळजवळ नेहमी स्त्रीलिंगी, माँ (एम-ई-एन-टी) आणि इस्म पुल्लिंगी. आज (ए-जी-ई) शेवट असलेली बहुतेक नामं पुल्लिंगी: व्हिलाज, व्वायाज, फ्रोमाज, गाराज. गोवेकराची गंमत अशी की त्याला रोज लागणारा शब्द नेमका अपवाद निघतो. प्लाज, म्हणजे समुद्रकिनारा, स्त्रीलिंगी आहे. म्हणून सुंदर प्रवास ऍं बो व्वायाज, पण सुंदर किनारा यून बेल प्लाज. ही जोडी पाठ करून टाका, नियम आणि अपवाद दोन्ही एकदम होतात.

दुसरी पायरी: स्त्रीलिंगी रूप आधी

हीच पायरी सगळ्यात महत्त्वाची, इथे हवा तेवढा वेळ द्या.

पुस्तक सांगतं: पुल्लिंगी रूपाला ई अक्षर जोडा, की स्त्रीलिंगी तयार. कागदावर ते बरोबरही आहे. पण कानाला काय होतं ते पाहा. मोठा: ग्राँ, ग्राँद. लहान: पती, पतीत. हिरवा: वेर, वेर्त. राखाडी: ग्री, ग्रीझ. पांढरा: ब्लाँ, ब्लाँश. ताजा: फ्रे, फ्रेश. लांब: लों, लोंग. गोड किंवा मऊ: दू, दूस. हेवेखोर: जालू, जालूझ. जाडा: ग्रो, ग्रोस.

आता नुसतं ग्री ऐकून सांगा, स्त्रीलिंगात शेवटी झ येईल, स येईल की द? सांगता येणार नाही. ग्रीझ ऐकून पुल्लिंगी मात्र लगेच सांगता येतं: शेवटचं व्यंजन गाळायचं. ब्लाँशमधला श गाळा, ब्लाँ. फ्रेशमधला श गाळा, फ्रे. लोंगमधला ग गाळा, लों. कागदावर या शब्दांना वेगवेगळे उपनियम आहेत. कुठे सी चा सी-एच होतो, कुठे यू घुसतो, कुठे एक्स जाऊन एस येतो. कानाला नियम एकच. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ लेनर्ड ब्लूमफिल्ड यांनी १९३३ सालीच फ्रेंच विशेषणांची मांडणी अशी स्त्रीलिंगापासून केली होती. शाळेच्या तक्त्यांनी ती का उचलली नाही, कोण जाणे.

हे असं का, तेही कळलेलं बरं. जुन्या फ्रेंचमध्ये शब्दाच्या शेवटची व्यंजनं उच्चारली जात. पुढे ती बोलण्यातून गळाली, लिहिण्यात राहिली. स्त्रीलिंगी रूपात शेवटी ई होता, त्याच्या आडोशाला व्यंजन वाचलं. मग तो ई स्वतः गप्प झाला, पण व्यंजन टिकलं. म्हणून आजही ई न उच्चारता आपलं काम करतो: तो दिसला की आधीचं व्यंजन बोला. आजीला ग्राँमेर म्हणतात, ग्राँदमेर नाही, आणि लिहितानाही त्या ग्राँला ई लागत नाही. लॅटिनमध्ये या विशेषणाचं रूप दोन्ही लिंगांना एकच होतं, त्याची ही खूण. पोर्तुगीज ग्रांद बदलत नाही, त्याचंही कारण हेच.

नाकातल्या स्वरांची विशेषणं याच कुटुंबातली. चांगली: बॉन. न गाळला की स्वर नाकात जातो: बों. भारतीय स्त्री ऍंद्येन, पुरुष ऍंद्यॅं. जुनी आँस्येन, जुना आँस्यॅं. मराठी जिभेला इथे एक खोड असते. बों म्हणताना शेवटी हलकासा न येतोच, आणि समोरच्याला ते स्त्रीलिंगी ऐकू येतं. शेवटी जीभ टाळूला लागू देऊ नका, एवढं सांभाळलं तरी पुरे.

सरावासाठी दोन नामं पक्की धरा, एग्लीझ (चर्च, स्त्रीलिंगी) आणि ताँप्ल (देऊळ, पुल्लिंगी). गोव्यात दोन्ही पावलोपावली दिसतात. बसमधून जाताना एक दिसलं की म्हणा: यून ग्राँद एग्लीझ, ऍं ग्राँ ताँप्ल. यून पतीत एग्लीझ, ऍं पती ताँप्ल. यून एग्लीझ ब्लाँश, ऍं ताँप्ल ब्लाँ. आधी नेहमी चर्च, मग देऊळ, म्हणजे स्त्रीलिंगीवरून पुल्लिंगीकडे.

तिसरी पायरी: जे या साच्यात बसत नाहीत

फार नाहीत. शेवटी फ असेल तर स्त्रीलिंगात व्ह होतो: आक्तीफ, आक्तीव्ह, स्पोर्तीफ, स्पोर्तीव्ह. सुका सेक, सुकी सेश. पावसाळा सोडून जो कोरडा ऋतू, तो ला सेझों सेश. लेजे (हलका), लेजेर आणि प्रम्ये (पहिला), प्रम्येर यांत र परत येतो. व्यंजन गाळण्याचाच हा प्रकार, फक्त स्वर थोडा उघडतो.

काही विशेषणं कागदावर बदलतात, कानाला नाही: न्वार (काळा), ब्लऽ (निळा), जोली (देखणा), शेर (महाग), फातिगे (दमलेला). यांच्यावरच परीक्षेत गुण जातात, कारण कान इशारा देत नाही. यांना वहीत वेगळं पान द्या. आणि रूज (लाल), जोन (पिवळा), जऽन (तरुण), फासील (सोपा), त्रीस्त (दुःखी), प्रोप्र (स्वच्छ) यांच्या पुल्लिंगी रूपातच शेवटी ई असतो, म्हणून दोन्हीकडे तेच.

उरलं त्रिकूट, सुंदर-नवा-म्हातारा. बेल, बो. नूव्हेल, नूव्हो. व्येय, व्यऽ. यांना पुल्लिंगाचं आणखी एक रूप आहे, ते स्वराने किंवा मुक्या एचने सुरू होणाऱ्या पुल्लिंगी नामापुढे येतं आणि अगदी स्त्रीलिंगीसारखं ऐकू येतं. नवं हॉटेल: ऍं नूव्हेलोतेल. जुनं झाड: ऍं व्येयार्ब्र. हॉटेलात काम करणाऱ्यांनी हे ऐकून ओतेल स्त्रीलिंगी आहे असं समजू नये. लिहिताना फरक दिसतो: स्त्रीलिंगी नूव्हेलच्या शेवटी एल-एल-ई, या रूपात एकच एल.

चौथी पायरी: अनेकवचन

इथे फार थांबायला नको. शेवटी एस लावा, उच्चारू नका. आधीच एस किंवा एक्स असेल तर पुल्लिंगी अनेकवचनात काही लावू नका. ई-ए-यू शेवट असेल तर एक्स. ए-एल असेल तर बहुधा ए-यू-एक्स, म्हणजे र्वायाल (राजेशाही) चं र्वायो. नाव्हाल (नौदलाचं), फाताल, बानाल अशी काही मोजकी मात्र नुसता एस घेतात.

र्वायोसारखे शब्द सोडले तर अनेकवचन ऐकू येतं ते विशेषणात नाही, त्याच्या आधीच्या ले (ल-ला यांचं अनेकवचन) आणि दे (ऍं-यून यांचं अनेकवचन) मध्ये. विशेषणामागून स्वर आला तरच तो एस झ होऊन जागा होतो. लहान बेटं: ले पतीत-झील. एकवचनातही लपलेलं व्यंजन असंच जागं होतं. मोठं झाड: ऍं ग्राँतार्ब्र. लिहिताना डी, बोलताना त.

पाचवी पायरी: विशेषण कुठे बसवायचं

मराठीत विशेषण नामाआधी येतं. फ्रेंचमध्ये बहुतेक विशेषणं नामामागून: रंग, आकार, देश, धर्म, चव, तापमान. आधी येणारी थोडीच आहेत, पण रोजची: बो, जोली, जऽन, व्यऽ, नूव्हो, बों, मोव्हे (वाईट), ग्राँ, पती, ग्रो, शिवाय पहिला-दुसरा-तिसरा. ही यादी पाठ करा, बाकी सगळं मागे.

जागा बदलली की काही विशेषणांचा अर्थ बदलतो. तिसवाडीत याचं जिवंत उदाहरण आहे. व्हेल्या गोवा म्हणजे जुने गोवे, पोर्तुगिजांच्या जुन्या राजधानीचं. गोवा व्हेल्या म्हणजे गोवा-वेल्हा, कदंबांच्या गोपकपट्टणाचा परिसर. शब्द तेच, ठिकाणं दोन. फ्रेंचमध्ये मों आँस्येन एकोल म्हणजे मी पूर्वी जिथे शिकले ती शाळा, यून एकोल आँस्येन म्हणजे जुनी, पुरातन शाळा. ऍं ग्राँतॉम म्हणजे थोर माणूस, ऍं-नॉम ग्राँ म्हणजे उंच माणूस. मा प्रोप्र शाँब्र माझी स्वतःची खोली, यून शाँब्र प्रोप्र स्वच्छ खोली. अभ्यागताला खोली दाखवताना हा फरक लक्षात असू द्या. (मों पुल्लिंगी असूनही आँस्येनपुढे आला, कारण मा आणि स्वर शेजारी नको म्हणून फ्रेंच तिथे मों घेतं. विशेषण मात्र स्त्रीलिंगीच राहतं.)

सहावी पायरी: रंग

पणजीच्या फोन्तेन्हासमध्ये एक चक्कर मारा, रंगांचा सगळा धडा भिंतींवर आहे. पिवळं घर: यून मेझों जोन. लाल घर: यून मेझों रूज. निळं: यून मेझों ब्लऽ, लिहिताना शेवटी ई जास्तीचा. पांढऱ्या चौकटीची खिडकी दिसली तर लक्षात ठेवा, खिडकी फनेत्र स्त्रीलिंगी, चौकट काद्र पुल्लिंगी: ऍं काद्र ब्लाँ, पण यून फनेत्र ब्लाँश.

मग अवघड घरं येतात. नारिंगी आणि तपकिरी, ओराँज आणि मारों, हे मुळात फळांची नावं: संत्रं आणि चेस्टनट. नामावरून आलेले असे रंग बदलत नाहीत, ना ई, ना एस. रोझ आणि मोव्ह (फिकट जांभळा) तेही नामावरूनच आलेले, पण त्यांना अनेकवचनात एस लागतो. दुसरा गोठलेला प्रकार म्हणजे छटा सांगणारी जोडी. फिकट निळी घरं: दे मेझों ब्लऽ क्लेर. इथे ब्लऽलाही काही नाही आणि क्लेरलाही नाही. गडद हिरवी दारं: दे पोर्त वेर फोंसे, वेर्त नाही. नुसता हिरवा बदलतो, गडद हिरवा बदलत नाही. ही एक ओळ पाठ असली तरी पुरे.

सातवी पायरी: वाक्यातले सापळे

आता आदरार्थी बहुवचन. "मॅडम, तुम्ही दमलेल्या दिसता," असं आपण एकाच बाईंना म्हणतो, आणि क्रियापदाबरोबर विशेषणही अनेकवचनी होतं. फ्रेंचमध्येही आदराने व्हू म्हणतात आणि क्रियापद अनेकवचनी होतं. विशेषण मात्र समोर माणसं किती आणि कोण यावर ठरतं. एक बाई असेल तर व्हू-झेत फातिगे, लिहिताना ई, एस नाही. एक पुरुष असेल तर ई नाही, एस नाही. स्वागतकक्षातून पाठवायच्या ईमेलमध्ये ही चूक मराठी हातून हमखास होते, आणि इंग्रजी हातून होत नाही. आपला विनय इथे नडतो.

स्त्रीपुरुष एकत्र असतील तर मराठी नपुंसकाकडे वळते: दादा आणि ताई दमली आहेत. फ्रेंच पुल्लिंगी अनेकवचन घेते. एक पुरुष आणि दहा बाया असल्या तरी.

"से बों" (हे चांगलं आहे) मधलं विशेषण नेहमी पुल्लिंगी एकवचनी. मानकुराद आंब्यांबद्दल बोलताना ले माँग सों बॉन, कारण माँग स्त्रीलिंगी. पण ले माँग, से बों. आणि ले माँग कूत शेर, आंबे महाग पडतात. इथे शेर क्रियापदाचं काम सांगतो, म्हणून त्याला ई-एस काही नाही. पण आंबे "महाग आहेत" असं म्हटलंत तर ले माँग सों शेर, आणि त्या शेरला ई आणि एस दोन्ही. ऐकायला दोन्ही सारखेच, म्हणून लिहिताना आधी क्रियापद पाहा.

लिहून झाल्यावर तपासणी

लिहिताना प्रत्येक शब्दाशी अडखळत बसू नका. परिच्छेद पूर्ण करा, मग पेन्सिल घेऊन फक्त विशेषणांवर फिरा. प्रत्येकापासून त्याच्या नामापर्यंत बाण काढा. नाम दूर असलं तर मधल्या शब्दांना फसू नका. नामावर ऍं की यून ते लिहा, एक की अनेक ते लिहा, मग शेवट बघा. शेवटी मोठ्याने वाचा. स्त्रीलिंगी नामाशेजारी ग्राँ, ब्लाँ, वेर ऐकू आलं, तर काहीतरी गळलं आहे.

हे करून पाहा, उत्तर झाकून: लहान पांढरं चर्च. जुना हिरवा पूल. ताजे मासे. नवं हॉटेल. फिकट निळ्या खिडक्या. सुंदर किनारे.

उत्तरं: यून पतीत एग्लीझ ब्लाँश, एक विशेषण पुढे आणि एक मागे. ऍं व्यऽ पों वेर, पूल पुल्लिंगी. दे प्वासों फ्रे, फ्रेच्या शेवटी एस आधीच आहे, दुसरा नको. ऍं नूव्हेलोतेल. दे फनेत्र ब्लऽ क्लेर, दोन्ही गोठलेले. आणि द बेल प्लाज, दे बेल प्लाज नाही, कारण अनेकवचनी विशेषण नामाआधी आलं की नीट लिहिलेल्या फ्रेंचमध्ये दे चा द होतो. बोलताना फ्रेंच लोक दे सर्रास म्हणतात, पण परीक्षकाला तो चालत नाही.